डी’सोझांचं बटण का चालत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या युवा पुरवणीत ‘स्वतःचं वेबपेज स्वतः करा’ ही लेखमाला सुरू आहे. क्लासची फी न भरता, मराठीतून जावास्क्रिप्ट (वेबपेजकडून कामं करून घेणारी प्रोग्रामिंगची भाषा) शिकायला मिळतंय, याबद्दल आधी अभिनंदन. माझ्या ओळखीतली दहावी-बारावीची मुलं ही पुरवणी जपून ठेवतात, हे मी बघितलं आहे. म्हणूनच गेल्या भागाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या भागात वर्गातल्या मुलांची यादी पानावर दाखवायची पद्धत दिली आहे. नावं आणि टॅग (पानाचा कुठला भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या, कोनी कंसांतल्या खुणा) अधिकच्या चिन्हाने एकमेकांना जोडत एक लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, करायची आणि ती इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे दिलेला मजकूर टॅगांसकट वाचून पान उभारणाऱ्या गुणधर्मात, ओतायची. वर ‘चार ओळींत काम फत्ते’ असा शेरा. फत्ते होतं, खरं आहे. यादीत पाटील, जाधव, कुलकर्णी आणि शेख आहेत तोवर.

मी वसईत राहते. इथल्या पतसंस्था, वाचनालयं, क्रिकेटच्या स्पर्धा भरवणारी मंडळं यांची वेबपेजं करून देणं हा बरीच वर्षं माझा व्यवसाय आहे. काम डोळे दिपवणारं नाही. सभासदांची यादी, ठेवींचे व्याजदर, वार्षिक सभेची सूचना, कर्जाचा अर्ज. पण वसईतली सभासदांची यादी म्हटली की डी’सोझा, डी’मेलो, डी’कुन्हा, डी’सिल्वा पानोपानी आलेच. जुन्या रजिस्टरांत ही आडनावं इंग्रजीत, अपॉस्ट्रॉफीसकट लिहिलेली असतात आणि संगणकातही तशीच चढतात.

आता तुमच्या लेखातल्या पद्धतीने प्रत्येक नावापुढे ‘तपशील’ असं एक बटण द्यायचं ठरवू. ऑनक्लिकमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगायच्या जागी, काय लिहाल? फंक्शनचं (एका कामासाठी लिहिलेल्या कोडच्या तुकड्याचं) नाव, कंस, एकेरी अवतरण, सभासदाचं नाव, पुन्हा एकेरी अवतरण, कंस पुरा. पाटलांच्या ओळीत सगळं जागच्या जागी. डी’सोझा आले, की ‘डी’नंतरची अपॉस्ट्रॉफी बघून ब्राउझर समजतो अवतरण संपलं. उरलेला ‘सोझा’ त्याला बेवारस वाटतो आणि तो सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या रचनेतली चूक) देऊन मोकळा होतो. वाईट म्हणजे पानावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. बटण दिसतं, दाबलं जातं, होत मात्र काही नाही. एरर उमटते ती ब्राउझरच्या आत लपलेल्या, चुका नोंदवणाऱ्या कन्सोलमध्ये, आणि कन्सोल उघडून बघणारा पतसंस्थेचा कारकून मला अजून भेटायचा आहे. तो फोन करून एवढंच सांगतो, ‘मॅडम, डिसोझांचं बटण चालत नाय. बाकीच्यांची चालतात.’

यावर लोक काय उपाय करतात, तेही सांगते. एका संस्थेचं आधीचं पान माझ्याकडे दुरुस्तीला आलं, त्यात डेटाबेसमधल्या सगळ्या नावांतल्या अपॉस्ट्रॉफी काढून टाकल्या होत्या. म्हणजे प्रोग्राम होता तसाच ठेवला आणि माणसांची आडनावं बदलली. पासबुकावर एक नाव, वेबपेजवर दुसरं. वारसाच्या कागदपत्रांत एका अक्षराचा फरक पडला तर काय धावपळ होते, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

अपॉस्ट्रॉफीपुरतीच ही गोष्ट नाही. मेलच्या प्रोग्राममधून एखाद्याचा पत्ता कॉपी केला, तर बऱ्याचदा आधी नाव आणि मग कोनी कंसांत ई-मेल अशा रूपात तो येतो. तो तसाच स्ट्रिंगमध्ये जोडून इनरएचटीएमएलमध्ये टाका. नाव दिसेल, ई-मेल गायब. कोनी कंसापुढे इंग्रजी अक्षर दिसलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो, आणि असला टॅग त्याच्या ओळखीचा नसला तरी तो बोंब मारत नाही, गिळून टाकतो. संपर्काच्या पानावर सचिवांचं नाव आहे आणि पत्त्याच्या जागी मोकळी जागा, असं पान दिसलं तर आधी इथेच बघावं.

हे झाले निष्पाप बिघाड. जिथे मजकूर दुसऱ्या कोणी भरायचा असतो, अभिप्राय, तक्रार, स्पर्धेसाठी संघाचं नाव, तिथे कोणी मुद्दाम काही लिहिलं तर? इनरएचटीएमएलमधून ओतलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण चित्राचा टॅग लिहून त्याला खोटा पत्ता दिला आणि सोबत ऑनएरर जोडला, तर चित्र सापडत नाही आणि ऑनएररमधला कोड बिनदिक्कत चालतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या तेव्हाच्या गाजलेल्या साइटवर काय झालं ते आठवावं. तिथे लोकांना आपल्या प्रोफाइलमध्ये टॅग लिहायची मुभा होती आणि घातक भाग साइट गाळून टाकत असे. सॅमी कामकार या तरुणाने त्या गाळणीतून निसटेल असा कोड आपल्या प्रोफाइलवर ठेवला. जो तो प्रोफाइल बघेल, त्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जायची आणि तोच कोड त्याच्याही प्रोफाइलवर चिकटायचा. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खाती सॅमीची ‘मित्र’ झाली. त्याची तऱ्हा वेगळी होती, पण मूळ दुखणं हेच: लोकांनी लिहिलेला मजकूर आणि पानाचा कोड एकाच भांड्यात.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. मुलांना स्ट्रिंग जोडायला शिकवण्याआधी एलिमेंट (पानाचा एकेक घटक: बटण, ओळ, रकाना) घडवणारं एक छोटं फंक्शन स्वतःच्या हाताने लिहायला शिकवा. पंधरा ओळींचं आहे. कोड इथे देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण आत काय चालतं ते सांगते.

माझ्या फंक्शनचं नाव ‘घडव’. (जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, हे शिकवणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसतं. शिकाऊ मुलांना त्याने केवढा धीर येतो!) त्याला तीन गोष्टी द्यायच्या: टॅग कुठला, त्याचे गुणधर्म कोणते आणि पोटात काय काय घालायचं. फंक्शन आधी डॉक्युमेंटकडून क्रिएटएलिमेंटने कोरं एलिमेंट मागून घेतं. मग गुणधर्मांवरून एकेक करत जातं. गुणधर्माचं नाव ‘ऑन’ने सुरू होत असेल आणि सोबत फंक्शन दिलं असेल, तर ते वेळ येताच चालावं म्हणून अ‍ॅडइव्हेंटलिसनर; नाहीतर गुणधर्म नुसता लिहून ठेवायला सेटअ‍ॅट्रिब्यूट. शेवटी पोटातल्या गोष्टी अपेंडने जोडायच्या आणि तयार एलिमेंट परत द्यायचं.

सगळी खुबी त्या अपेंडमध्ये आहे. त्याला एलिमेंट दिलं तर ते एलिमेंट म्हणून जोडतं, स्ट्रिंग दिली तर निव्वळ मजकूर म्हणून. त्या मजकुरात अपॉस्ट्रॉफी असो, कोनी कंस असो नाहीतर अख्खा चित्राचा टॅग असो, ब्राउझर त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडत नाही. अक्षरं आहेत तशी दाखवतो. आणि बटणाला जोडलेलं फंक्शन हे फंक्शन म्हणूनच जातं, अवतरणांत कोंबून नाही. डी’सोझांचं बटण चालायला लागतं. त्यासाठी अपॉस्ट्रॉफीचा वेगळा विचारही करावा लागत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्ट्रिंगच्या पद्धतीतला आणखी एक प्रकार तर भल्याभल्यांना चकवतो. कर्जाच्या किंवा खात्याच्या अर्जात नॉमिनीचे रकाने असतात. खाली ‘आणखी एक नॉमिनी जोडा’ असं बटण. बटण दाबलं की इनरएचटीएमएलला आणखी एका रकान्याची स्ट्रिंग ‘अधिक-बरोबर’ करून जोडायची, असं सरसकट शिकवलं जातं. बाईंनी पहिल्या रकान्यात मुलीचं नाव लिहिलं, नातं लिहिलं, जन्मतारीख भरली, मग दुसऱ्या नॉमिनीसाठी बटण दाबलं. दुसरा रकाना आला आणि पहिला कोरा झाला. त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून त्या पुन्हा भरतात, पुन्हा बटण दाबतात. आत काय झालं? ‘अधिक-बरोबर’ म्हणजे ब्राउझरने आधीचं सगळं पुन्हा मजकुरात बदललं, त्याला नवा तुकडा जोडला, जुनी एलिमेंटं फेकून दिली आणि सगळी नव्याने केली. बाईंनी टाइप केलेलं नाव त्या मजकुरात नसतंच. ते जुन्या एलिमेंटसोबत गेलं. जुन्या बटणांना लावलेले इव्हेंटसुद्धा गेले. ‘घडव’ने नवा रकाना करून अपेंड केला तर पहिल्याला धक्काही लागत नाही.

‘घडव’ हा पाया. खरी मजा त्याच्यावर पुढची फंक्शनं उभी राहतात तेव्हा येते. माझ्याकडे ‘रकाना’ नावाचं फंक्शन आहे. ते लेबल आणि इनपुट दोन्ही एकदमच घडवतं आणि दोघांची आयडीने गाठ मारून देतं. त्यामुळे लेबलाशिवाय रकाना माझ्या अर्जांत होऊच शकत नाही, आणि स्क्रीनरीडरवर अर्ज भरणाऱ्याला कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते ऐकू येतं. दुसरं ‘रक्कम’. त्याला आकडा द्यायचा. ते आकडा ज्या-त्या भाषेच्या रीतीने लिहून देणाऱ्या टूलोकेलस्ट्रिंगला एमआर-आयएन (मराठी, भारत) सांगून १,२५,००० अशी, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसकट, मराठी अंकांतली रक्कम उजवीकडे टेकवून देतं. एका संस्थेच्या संचालकांनी मराठी अंकांचा आग्रह धरला होता. नंतर ऑडिटर म्हणाले, अहवालात इंग्रजी अंक हवेत. एमआर-आयएनच्या जागी ईएन-आयएन, एका ओळीचं काम. हीच रक्कम स्ट्रिंगांमध्ये तुकड्यातुकड्याने विखुरलेली असती तर ठेवींचं पान, कर्जाचं पान, थकबाकीची यादी, लाभांशाचा तक्ता अशी वणवण करावी लागली असती. आणि एखादं पान राहून गेलंच असतं.

हे फंक्शन लिहिताना मुलं कुठे ठेचकाळतात, तेही लिहिते, कारण शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या एका मुलीने ‘पोटातली वस्तू असेल तरच जोड’ अशी अट घातली. रिकाम्या गोष्टी गाळाव्यात, हेतू चांगला. पण जावास्क्रिप्टच्या लेखी शून्यसुद्धा ‘नाही’मध्ये जमा होतं. थकबाकीच्या यादीत ज्यांनी सगळे हप्ते वेळेवर भरले, त्यांच्याच नावापुढे जागा कोरी! शून्य थकबाकी आणि नोंद न झालेली थकबाकी यांत किती फरक आहे, हे पतसंस्थेत वेगळं सांगावं लागत नाही. अट बदलून ‘नल, अनडिफाइन्ड आणि फॉल्स एवढंच गाळ’, म्हणजे खरोखर रिकामं किंवा नाकारलेलं तेवढंच, अशी केली की शून्य जागेवर येतं. तिने ते स्वतः शोधून काढलं, आणि त्या दिवसापासून ती भाषेकडे जरा संशयाने बघते. चांगली सवय आहे.

दुसरी ठेच डिसेबल्डची, म्हणजे बटण बंद ठेवणाऱ्या गुणधर्माची. ‘हप्ता भरा’ हे बटण चालू ठेवायचं म्हणून सेटअ‍ॅट्रिब्यूटने डिसेबल्डला फॉल्स दिलं, तरी बटण बंदच. कारण हा अ‍ॅट्रिब्यूट नुसता हजर असला तरी पुरतो, त्याची किंमत काय याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नाही. म्हणून ‘घडव’मध्ये एक ओळ वाढवायची: किंमत फॉल्स असेल तर अ‍ॅट्रिब्यूट लावूच नकोस. एसव्हीजी या चित्रांच्या प्रकारात आलेख काढणाऱ्यांनी क्रिएटएलिमेंटएनएस वापरावं, नाहीतर एलिमेंट तयार होऊनही पडद्यावर काही उमटत नाही. त्यात आत्ता शिरत नाही.

आता आक्षेप. एक नेहमीचा: ‘हल्ली सगळे रिअ‍ॅक्ट वापरतात, हाताने कशाला लिहायचं?’ रिअ‍ॅक्ट म्हणजे पानं उभारायला मदत करणारी तयार लायब्ररी; ती मी वापरते, तिच्याशी माझं भांडण नाही. पण रिअ‍ॅक्टच्या पोटात डोकावून बघा. २०१३ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१४ पासून त्यात क्रिएटएलिमेंट नावाचंच फंक्शन आहे आणि त्यालाही टॅग, गुणधर्म आणि पोटातल्या गोष्टी याच क्रमाने द्यायच्या असतात. त्यात लिहायचं, एचटीएमएलसारखं दिसणारं जेएसएक्स ब्राउझरकडे जाण्याआधी असल्याच फंक्शनच्या हाकांमध्ये बदललं जातं. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवायचा, ही शिस्तही रिअ‍ॅक्ट पाळतं. तरीही कोणाला कच्चं एचटीएमएल ओतायचंच असेल तर त्याला डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल असा लांबलचक गुणधर्म हाताने लिहावा लागतो. मुद्दाम भीती वाटावी असं नाव ठेवलंय त्यांनी. तुमच्या लेखमालेत तेच काम बिनधास्त, चार ओळींत! ज्या मुलाने ‘घडव’ स्वतः लिहिलं आहे, त्याला रिअ‍ॅक्ट जादू वाटत नाही. ज्याने नाही लिहिलं, तो कोरा रकाना दिसला की शून्याचा विचार करत नाही, लायब्ररीची आवृत्ती बदलून बघतो.

दुसरा आक्षेप वेगाचा. एकेकाळी, जुन्या ब्राउझरांमध्ये, इनरएचटीएमएलने मोठा तक्ता पटकन उभा राहायचा आणि एकेक एलिमेंट करून जोडायला वेळ लागायचा. त्या काळचे सल्ले अजून कॉपी होत फिरत असतात. आपल्या पतसंस्थेची काही शे सभासदांची यादी आजच्या साध्या मोबाइलवरही कुठल्याही पद्धतीने डोळ्याचं पातं लवायच्या आत येते. तिथे वेगाचं कारण पुढे करणं म्हणजे निव्वळ आळस.

आणि यात नवं काहीच नाही. क्रिएटएलिमेंट १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये मान्य झालेल्या डॉमच्या, म्हणजे पानातले घटक कोडमधून हाताळायच्या पद्धतीच्या, पहिल्या मानकातच आहे. तेव्हा ते वापरणं जिकिरीचं होतं: मजकुराचा नोड वेगळा करायचा, एका वेळी एकच गोष्ट जोडायची. म्हणून लोक स्ट्रिंगकडे वळले, ते समजण्यासारखं होतं. आता अपेंडला स्ट्रिंगा आणि एलिमेंटं हव्या तितकी एकदम देता येतात, हव्या तितक्या गोष्टी घेणारं फंक्शन लिहायची सोय २०१५ पासून भाषेतच आहे. सबब उरलेली नाही.

आता कोड का दिला नाही ते. आपल्या वेबसाइटवर त्या लेखातला कोड कॉपी करून बघा. पान लावताना सरळ अवतरणचिन्हं वाकडी, शोभेची झाली आहेत. जावास्क्रिप्टला ती ओळखू येत नाहीत. पहिल्याच ओळीला एरर. छापील अंकात रकान्याची रुंदी कमी, म्हणून अवतरणांतली ओळ मध्येच तुटली आहे, आणि जसं छापलंय तसं टाइप करणाऱ्याला तिथे वेगळी एरर मिळते. माझ्या शेजारच्या मुलाने अख्खी संध्याकाळ यात घालवली आणि शेवटी ‘मला नाही जमणार’ म्हणून लॅपटॉप मिटला. त्याला न जमण्यासारखं काही नव्हतं. पाककृतीत चमच्याऐवजी वाटी छापली गेली तर आपण दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र देता. इथेही द्यावं.

तेव्हा विनंती अशी. लेखमालेतला कोड वेबसाइटवर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवावा, छापील अंकात फक्त त्याचा पत्ता द्यावा. यादीचा तो भाग दुरुस्त करून पुन्हा घ्यावा. अगदी जागा नसेल तर इनरएचटीएमएलच्या जागी टेक्स्टकंटेंट (दिलेलं सगळं निव्वळ मजकूर म्हणून दाखवणारा गुणधर्म) कसं वापरायचं, एवढी चौकट तरी द्यावी. नमुन्याच्या यादीत एक डी’सोझा, एक ओ’ब्रायन आणि कोनी कंसांतला एक ई-मेल जरूर घालावा, म्हणजे लेखकालाही छापण्याआधी कळेल. पुढच्या आठवड्यात अर्ज आणि रकाने शिकवणार, असं लेखाखाली जाहीर केलं आहे. ‘आणखी जोडा’चं बटण त्यात येणारच. तो भाग छपाईला जायच्या आत हे पत्र लेखकांच्या हाती पोचवलंत तर बरं. त्यांना हवं असेल तर माझी ‘घडव’ची फाइल पाठवते, त्यावर माझं नाव नको, मोबदला नको, हवे ते बदल करावेत.

आपली नियमित वाचक,
वसई, जि. पालघर
(नाव व पत्ता कार्यालयाच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे; कृपया छापू नये.)